एक हिसका

नदीवरचा दोर तुटला तेव्हा दोरवालीला आवाज आलाच नाही. ती आतल्या खोलीत लेकीच्या पाठीवरून ओला फडका फिरवत होती आणि बादलीतल्या पाण्याचा तेवढा आवाज तिच्या कानांत होता. आवाज आला तो तिच्या सासूला, आणि सासूला तर गेली नऊ वर्षं दोन्ही कानांनी काही ऐकू येत नव्हतं.

"तुटला," सासूबाई ओसरीवरून मोठ्यानं म्हणाल्या. बहिऱ्या माणसाला आपला आवाज मापता येत नाही, त्यामुळे त्या साधं मीठ मागायच्या तरी भांडण लागल्यासारखं वाटायचं.

काय तुटला म्हणून विचारायला ती बाहेर आली. सासूबाई अनवाणी उभ्या होत्या, जमिनीकडे बघत. तळव्यांना काहीतरी लागलं असावं. आणि पलीकडे, ओसरीच्या टोकाला रोवलेलं दोर वळायचं चाक, ज्याला सकाळपासून कुणी हात लावला नव्हता, ते अर्धा फेरा फिरून कुरकुरलं आणि थांबलं.

थोड्या वेळानं नावाडी कुंपणापाशी आला. कुंपणाच्या आत आला नाही, कारण दारावर पिवळा कागद होता. तापाची साथ आल्यापासून ज्या घरात आजारी माणूस, त्या घराच्या दारावर असा कागद लागायचा. त्या गल्लीत आता कागद नसलेली दारं मोजायला एका हाताची बोटं पुरली असती. नावाड्याचे दोन्ही तळवे चिंध्यांनी बांधलेले होते आणि चिंध्या लाल झाल्या होत्या.

त्यानं सांगितलं ते असं. मध्यावर होडी होती, तो नेहमीसारखा आडव्या दोराला धरून हातावर हात टाकत ओढत होता, आणि दोर सुटला. सुटताना तळव्यांची सालं घेऊन गेला. होडी कशीबशी खालच्या वळणावर लागली. नदीला ओढ इतकी की दोराशिवाय पलीकडे जायचं नाव नाही. आणि दवाखाना पलीकडे.

"किती दिवस लागतील?" त्यानं विचारलं.

"माणसं असती तर एक. आता दोन."

"चाकावर कोण?"

नावाड्यानं खिडकीकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे पाहिलं, आणि "बघा बुवा," म्हणून निघून गेला.

चाकावर एरवी भिंगरी असायची. चौदा वर्षांची ही एकुलती एक लेक. सातव्या वर्षी चाकाच्या दांड्याला तिचा हात पोचला आणि तेव्हापासून तिचं खरं नाव शाळेच्या वहीवर राहिलं, बाकी सगळ्यांना ती भिंगरी. बाप मालवाहू बोटीवर, वर्षातून एकदा घरी येणारा. तेव्हा घरात दोर वळायचा तो या दोघींनी. भिंगरी चाक फिरवायची आणि आई कमरेला वाखाच्या धाग्यांचा भारा गुंडाळून, बोटांतून वाख सोडत, मागं मागं चालत जायची. घरामागे त्यासाठी जमिनीची एक लांब चिंचोळी पट्टी राखलेली होती, ओसरीपासून थेट नदीपर्यंत. मध्ये मध्ये बेचक्यांचे खुंट रोवलेले, वळलेला पेड, म्हणजे दोराच्या तीन पदरांतला एक, जमिनीला टेकू नये म्हणून. सासऱ्यांनी ती पट्टी नदीच्या रुंदीपेक्षा वीस पावलं जास्त लांबीची ठेवली होती. होडीचा दोर एकसंध निघायला हवा, त्यात गाठ चालत नाही.

दोर बदलायला झालाय हे तिला दोन महिन्यांपूर्वीच कळलं होतं. होडीतून येताना तिनं तो बोटांनी चाचपला होता, आतून भुसभुशीत लागला होता. या आठवड्यात वळू, पुढच्या आठवड्यात वळू करत ते राहिलं. वाख तर माळ्यावर तयार पडला होता. आता फडका पिळताना तिला तो भुसभुशीतपणा बोटांना लागत होता.

नर्सबाई दोनच दिवसांपूर्वी येऊन गेली होती. तोंडाला फडकं, पाठीला पिशवी. तिनं भिंगरीला तपासलं, छातीला नळी लावली, जीभ पाहिली. हा विषाणूचा ताप आहे, म्हणाली, त्याला त्याचं औषध असं नाही, तो आपल्या पायानं येतो आणि आपल्या पायानं जातो. आपण फक्त माणूस धरून ठेवायचं. तापाची गोळी सहा तासांनी, त्याच्या आधी नाही. साध्या पाण्यानं अंग पुसायचं, बर्फासारख्या गार नाही. आणि पाणी. साखर-मीठ घालून, चमच्यानं, घोट घोट, ती नको म्हणाली तरी. मग दारातून परत फिरून तिनं तीन बोटं दाखवली होती. लघवी झाली नाही, श्वास पळायला लागला, किंवा माणूस ओळखेनासं झालं, तर वाट बघत बसू नका, पलीकडे घेऊन या.

त्या वेळी पलीकडे जाणं ही काही मोठी गोष्ट नव्हती.

दोरवाट, म्हणजे ही दोर वळायची पट्टी, तशी बोलकी जागा, पण या घरात तिथं कुणी बोलत नसे. सासूबाईंचे कान गेल्यावर त्यांच्याशी बोलायला घरातल्यांनी हिसके वापरायला सुरुवात केली होती, आणि मग त्याचीच सवय झाली. मागं चालणारीनं पेडाला एक हिसका दिला की चाकावरचीनं थांबायचं. दोन हिसके दिले की फिरवायचं. थांबल्यावर चाकावरची परत एक हिसका द्यायची, म्हणजे थांबले गं बाई. झालं. एवढ्या तीन शब्दांत सहा-सात वर्षांचं काम झालं होतं. भिंगरीला चाकाचा कंटाळा यायला लागला होता. मला मागं चालू दे, म्हणून ती गेलं वर्षभर मागं लागली होती, आणि आई म्हणायची, उंची येऊ दे. उंची आली, तसा तापही आला.

आता चाकावर सासूबाई बसल्या. खांदे दुखायचे, पण हात बसलेला होता. प्रश्न होता खोलीचा. आई साठ-सत्तर पावलांवर नदीच्या बाजूला, आजी बहिरी, आणि पोर आत एकटी. तेव्हा आईनं एक बारीक सुतळी घेतली. तिचं एक टोक भिंगरीच्या डाव्या मनगटाला सैलसं बांधलं, सुतळी खिडकीतून बाहेर काढली आणि दुसरं टोक चाकाशी बसलेल्या सासूबाईंच्या पायाच्या अंगठ्याला.

"आजीला गळाला मासा लागल्यासारखं वाटेल," भिंगरी म्हणाली. त्या दिवशी अजून तिला थट्टा सुचत होती.

"मासा कसला, कोळंबी," आई म्हणाली. मग तिनं नीट समजावलं. आजी मधून मधून सुतळी ओढेल. तू बरी असलीस तर एक हिसका द्यायचा. मी हवी असले तर दोन.

"एक बरी, दोन ये."

"परत म्हण."

"एक बरी, दोन ये. मी काही लहान नाही."

सासूबाईंनाही तिनं खुणांनी सांगितलं, एक बोट दाखवून हसरा चेहरा केला, दोन बोटं दाखवून स्वतःकडे हात केला. सासूबाईंनी मान हलवली. त्यांना कळलं की नाही हे कळायला मार्ग नव्हता, त्या सगळ्यालाच मान हलवायच्या.

पहिला पेड त्याच दुपारी निघाला. ती मागं चालत होती, वाख बोटांतून सरकत होता, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली कातडी तापत होती. दहा-बारा पावलं झाली की ती मान वर करून बघायची. सासूबाई पाय जरासा ताणायच्या, थांबायच्या, मग एक बोट वर करायच्या. एक. बरी आहे. ती पुढची दहा पावलं मागं जायची. पाच-सहा वेळा मध्येच पेड खुंटाला बांधून ती पळत आली, चमच्यानं पाणी पाजलं, फडका बदलला आणि परत गेली. हात धुवायचे, आत जायचं, बाहेर येऊन परत हात धुवायचे. वाखानं चिरलेल्या बोटांना साबण झोंबत होता.

धुकं त्याच संध्याकाळी नदीवरून वर आलं. ते यायचे दिवसच होते, त्यात नवल नव्हतं. नवल हे की दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या वेळेला ते गेलं नाही. पट्टीच्या खालच्या निम्म्या भागात ते बसून राहिलं, जनावर बसावं तसं. गल्लीतून माणसाचा आवाज नाही. कुठेतरी एक दार वाऱ्यानं आपटत होतं आणि ते लावायला कुणी उठत नव्हतं.

त्या सकाळी भिंगरीचा ताप गोळीलाही दाद देईना. उजेड नको म्हणाली. डोळ्यांच्या मागं दुखतंय म्हणाली. आईनं खिडकीला जुनी चादर लावली, सुतळीपुरती फट ठेवली. अंग पुसायला तिनं पांघरूण सारलं तसं पोरीनं दोन्ही हात छातीवर घेतले. गेल्या तीन-चार वर्षांत आईनं तिला अशी पाहिलीच नव्हती. खांद्याची हाडं रुंद झाली होती, कमरेला खळगा पडला होता, हे कधी झालं कुणास ठाऊक. आईनं मान वळवली आणि न बघता, हातानं चाचपत पुसत गेली.

"बघ ना नीट, पाणी गादीवर सांडतंय," भिंगरी चिडून म्हणाली, आणि मग हळूच, "दार लाव."

बादलीवर बसवायचं तेव्हा तर ती रडलीच. आई पाठ करून उभी राहिली, भिंतीकडे तोंड, हात तेवढा मागं, पोरीनं धरायला. तो तापलेला हात तिच्या हातात होता आणि बादलीत आवाज मात्र आला नाही. मग करेन, भिंगरी म्हणाली. बरं, मग कर, आई म्हणाली. बाहेर दुसरा पेड अर्धा झाला होता, पीळ उतरायच्या आत तो पुरा करायला हवा होता.

दुसरा पेड झाला. सासूबाईंचं एक बोट वर येत राहिलं.

तिसरा पेड सुरू केला तो जेवणवेळेनंतर, जेवणाशिवायच. धुकं आता वर सरकलं होतं. पंधरा पावलांवर चाक अंधूक झालं, वीस पावलांवर दिसेनासं झालं. आता बोट दिसणार नव्हतं. सासूबाईंना तिनं जाऊन सांगितलं, बोटाऐवजी पेडालाच हिसका द्या. एक तर एक, दोन तर दोन. मान हलली.

ती मागं चालू लागली. धुक्यात पेड समोरून येत होता आणि समोर काही नव्हतं. हातभर दोर दिसायचा, त्याच्यापुढं पांढरं. त्या पांढऱ्यातून पीळ येत होता, एवढ्यावरून चाक आहे असं समजायचं.

पेडाला एक हिसका बसला. बरी आहे. आणि पाठोपाठ पीळ यायचा थांबला.

ती उभी राहिली. चाक का थांबलं? तिनं दोन हिसके दिले. जरा वेळानं पीळ परत यायला लागला. आठ-दहा पावलं झाली, परत एक हिसका, परत चाक थांबलं. तिनं परत दोन दिले. तिसऱ्या वेळी वाख बोटांतच सुटला, पेडाला गाठ बसता बसता राहिली. तिच्या डोक्यात सणक गेली. पेड खुंटाला बांधून ती धुक्यातून वर आली.

सासूबाई दांडा धरून बसल्या होत्या, चाक थांबलेलं. त्यांचा पायाचा अंगठा सुतळीनं लाल झाला होता.

ती त्यांच्या तोंडासमोर वाकली, ओठ दिसतील अशी, आणि म्हणाली, "एक म्हणजे बरी आहे. बरी आहे. थांबायचं नाही. एवढं साधं तुम्हाला समजत नाही का?"

बोलताना तिनं हातवारेही केले, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट झाले असावेत. सासूबाईंचा चेहरा लहान झाला. त्यांनी अंगठ्याकडे बघितलं.

"हात थांबतो," त्या म्हणाल्या. या वेळी त्यांचा आवाज मोठा नव्हता. "एक बसला की माझा हात थांबतो."

तिनं खोलीत डोकावलं. चादरीआड अंधार, भिंगरी डोळे मिटून पडलेली, ओठ हलत होते. झोपलीय, तिला वाटलं. उठवून पाणी पाजावं असं मनात आलं, आणि मग वाटलं, झोप लागलीय तर लागू दे, तोवर पेड होईल, पेड झाला की दोर होईल, दोर झाला की होडी. ती परत धुक्यात गेली.

यानंतर चाक थांबलं नाही.

एकदाही नाही. हिसकाही आला नाही. पीळ येत राहिला, घट्ट, एकसारखा, आणि नंतर नंतर तर इतक्या जोरानं की तिला पावलं भराभर टाकावी लागली. म्हातारीला राग आलाय, तिनं मनात म्हटलं, येऊ दे, काम तर होतंय. वाख बोटांतून पाण्यासारखा जात होता. मागून नदीचा आवाज जवळ आला. टाचेला ओला चिखल लागला तेव्हा तिला कळलं, पट्टी संपली. तिनं पेड शेवटच्या खुंटाला पक्का बांधला आणि एक हिसका दिला. थांबा.

पेड हातात थरथरत राहिला. चाक फिरतच होतं.

तिनं परत एक हिसका दिला. मग पेडावर तळवा ठेवून, त्याच्या आधारानं ती वर चालू लागली. दोराच्या माणसाला पीळ हातानं ओळखता येतो. सासूबाईंचा पीळ सैलसर, समजूतदार. सुरुवातीची चाळीसएक पावलं तो तसाच होता, हे तिला ठाऊक होतं. पण आता हाताखाली होता तो तसा नव्हता. हा आवळलेला, उतावळा, दर हातभर अंतरावर जरासा जास्तच चढलेला. हा पीळ तिनं सात वर्षं हातात घेतला होता आणि सात वर्षं त्यावरून बोलणी केली होती. इतकी घाई कसली गं तुला.

पेडाची थरथर थांबली नव्हती. ती जवळजवळ पळतच वर आली.

धुक्यातून ओसरी वर आली, मग चाक. ते सावकाश फिरत होतं. दांडा वर येत होता, खाली जात होता. तिथं कुणी नव्हतं. सासूबाईंची बसायची फळी रिकामी होती आणि अंगठ्याची सुतळी सोडवलेली, खिडकीतून आत ओढून घेतलेली.

तिनं चाकाला हात लावला नाही. ती आत गेली.

सासूबाई खाटेशेजारी जमिनीवर बसल्या होत्या. भिंगरीचं सुतळी बांधलेलं डावं मनगट त्यांनी दोन्ही हातांत धरलं होतं. आणि भिंगरीचा उजवा हात पांघरुणाबाहेर, हवेत, गोल फिरत होता. मूठ वळलेली, कोपर उचललेलं. वर, खाली, वर, खाली.

"किती वेळ?" ती म्हणाली. मग आठवून तिनं स्वतःच्या मनगटाला हात लावला, वेळ विचारायची खूण केली.

"तू रागावून गेलीस, तेव्हाच आले," सासूबाई म्हणाल्या. "चाक टाकून आले, मला बोलू नकोस. ही थांब म्हणतेय. काल बरी म्हणत होती, ते कळत होतं मला. आज सकाळपासून थांब म्हणतेय. हिसका वेगळा असतो."

एक बरी, दोन ये. हे तिनं ठरवलं होतं, काल, एका जागत्या पोरीशी. तापलेल्या पोरीचा हात कालचं विसरून सात वर्षांपूर्वीच्या बोलीत गेला होता. आणि म्हातारीचा हात तेच ऐकून थांबत होता. ऐकू येणारी ती एकटीच, आणि तिला ऐकू आलं नव्हतं.

ती लेकीच्या तोंडाजवळ वाकली. श्वास उथळ होता, मांजराच्या पिलासारखा भरभर. ओठांना साल आली होती.

"भिंगरे."

डोळे उघडले. तिच्यावर आले, आणि तिच्यातून पलीकडे गेले.

"बाई," भिंगरी नम्रपणे म्हणाली, परक्या माणसाला सांगावं तशी, "जरा माझ्या आईला सांगता का, चाक थांबव म्हणून?"

आई म्हणाली, "कोण फिरवतंय चाक?"

"मीच."

"आणि तू कुठं आहेस?"

"मी मागं चाललेय ना. आईनं चालू दिलं शेवटी. पण खूप झालं आता. चाकावर मीच आहे आणि मीच ऐकत नाही." हात फिरतच होता. "पट्टी संपली. पाणी लागलं पायाला."

तिनं पांघरुणाखाली हात घातला. सगळं अंग तव्यासारखं, आणि पाय गार. घोट्यापर्यंत गार, नदीतून काढल्यासारखे.

मग तिनं काय केलं ते तिला नंतर कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. तिनं तो फिरणारा हात धरला. तो थांबेना. त्याच्यात ताकद होती, तापातल्या पोरीत असू नये इतकी. दोन फेरे तो तिला बरोबर घेऊन फिरला. तेव्हा तिनं तशीच आपली मूठ तिच्या मुठीवर बसवली, दांड्यावर बसवावी तशी, पहिल्या वेळी शिकवताना बसवली होती तशी, आणि खालच्या बाजूला, जिथं चाक जड होतं, तिथं अंगाचा भार टाकून धरून ठेवली. मग दुसऱ्या हातानं तिनं सुतळी घेतली आणि लेकीच्या मनगटाला एक हिसका दिला. सावकाश, स्पष्ट.

थांबले गं बाई.

भिंगरीच्या छातीतून मोठा श्वास सुटला. मूठ उघडली. बाहेर ओसरीवर चाक अर्धा फेरा उलटं फिरलं, कुरकुरलं आणि गप्प झालं. सासूबाईंनी जमिनीवरचा पायाचा तळवा उचलून घेतला.

यापुढं घाई होती, आणि घाईत भीतीला जागा नसते. तिनं चमच्यानं पाणी पाजायला घेतलं. पहिले दोन चमचे ओठांतून बाहेर आले, तिसरा गेला. सासूबाईंच्या हातात चमचा देऊन तिनं पाच बोटं दाखवली, पाच श्वासांनी एक. ती पळत नावाड्याकडे गेली. त्याच्या कुंपणाबाहेरून हाक मारली, तिसरा पेड झाला, चला. त्यानं तिच्या दारावरच्या कागदाचा विचार केला असेल तर चालता चालता केला असेल.

तीन पेड एकत्र वळायला लाकडी भोवरा लागतो, तीन खाचांचा. तो धरायला जोर हवा. नावाड्यानं तो बांधलेल्या तळव्यांत न धरता दोन्ही कोपरांच्या बेचक्यात आवळला आणि चालू लागला, कळ तोंडावर दिसत होती. चाकावर ती स्वतः बसली. दांडा गरम होता, हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं त्यावर विचार केला नाही. मध्येच नावाडी ओरडून म्हणाला की तिसरा पेड फार चढलाय, कुणी वळला, हातात मावत नाही. ती म्हणाली, चालवून घ्या.

उजेड मावळायच्या आत दोर नदीवर चढला. खालच्या वळणावरून काठाकाठानं होडी ओढून आणली होती, दोर कमरेला बांधून नावाड्याचा भाऊ पोहत-वाहत पलीकडे पोचला होता. भिंगरीला रजईत गुंडाळून तिनं खांद्यावर घेतलं, लहानपणी घ्यायची तसं, पाय मात्र आता तिच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. सासूबाई काठावर राहिल्या. त्यांनी दोराच्या खुंटाला दोन्ही हात लावले आणि होडी पलीकडे टेकेपर्यंत काढले नाहीत.

धुक्यात अलीकडचा काठ गेला, पलीकडचा अजून आला नव्हता. नावाड्याच्या तळव्यांतून नव्या दोराला लाल डाग लागत होते. ती लेकीच्या तोंडाशी कान लावून बसली होती. मध्यावर कधीतरी भिंगरी म्हणाली, "आई, गार वाजतंय."

'आई' म्हणाली. 'बाई' नाही म्हणाली.

दवाखान्यात नर्सबाईनं नुसतं पाहिलं आणि सुई शोधायला घेतली. शीर सापडेना, तिसऱ्यांदा सापडली. बाटलीतलं पाणी थेंब थेंब उतरत राहिलं. अंगातलं पाणी आटलं होतं, म्हणाली, अजून थोडा वेळ लावला असता तर, आणि तिनं वाक्य पुरं केलं नाही. पहाटे बादलीत आवाज आला तेव्हा भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या आईला रडू फुटलं, आणि भिंगरी म्हणाली, यात रडण्यासारखं काय आहे.

पाचव्या दिवशी त्या परत निघाल्या. धुकं गेलं होतं. नदी स्वच्छ, कोवळं ऊन, दोर दोन्ही काठांमध्ये ताणलेला, पाण्यापासून हातभर वर. भिंगरी होडीच्या कडेला बसली होती, गालफडं बसलेली, डोळे मोठे. नावाडी हातावर हात टाकत ओढत होता आणि तिला चिडवत होता की तुझ्या आईनं तुला भरल्या पोत्यासारखी नेली, जाताना दोन माणसांचं भाडं घ्यायला हवं होतं. ती हसली. पेडांचं, चाकाचं कुणी तिला काही सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी तो विषय काढला नव्हता आणि आईनं ते मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात दाबून ठेवलं होतं.

मध्यावर आल्यावर आईच्या बाहीला एक हिसका बसला.

"थांबा," ती म्हणाली.

"आता काय इथं थांबा," नावाडी म्हणाला. "मध्यात कुणी थांबतं का?"

"थांबा म्हणते ना."

तो थांबला. होडी दोराला धरून डुलायला लागली. भिंगरीनं उजवा हात वर करून दोरावर ठेवला होता. ती बोटांनी चाचपत होती, जरा अलीकडे, जरा पलीकडे, डोळे बारीक करून.

"इथवर आजीचा आहे," ती म्हणाली. "इथून माझा."

काठावर सासूबाई खुंटाला हात लावून उभ्या होत्या. थांबलात का, असं त्या तिथून ओरडल्या, सगळ्या नदीला ऐकू गेलं.

आईनं विचारलं नाही, कधी, कसं. नावाडी दोघींकडे बघत राहिला, मग पाण्याकडे. भिंगरीचा तळवा दोरावरच होता. तिनं दोन हिसके देईपर्यंत होडी तिथंच थांबली.